शेळगावच्या चारीवरचा निबंध

बारामती, ३ ऑक्टोबर १९३७

आज आप्पासाहेबांच्या ओसरीवर ठरलं. ग्रामजीवन संशोधन परिषद यंदा पुण्यात न भरता नाताळच्या सुट्टीत आपल्या बारामतीत भरणार. स्वागताध्यक्ष आप्पासाहेब आणि स्थानिक चिटणीस मी. कन्हेरीच्या माळव्यात वांगी तोडत वाढलेला जोतीराम! पुण्या-मुंबईचे प्राध्यापक येणार, खेड्यातला माणूस कसा राहतो, कसा भांडतो यावर निबंध वाचणार, आणि त्यांच्या रांगेत शाळामास्तराचा एक निबंध असणार.

विषय मीच सुचवला : ‘नीरेच्या कालव्याकाठचे पाणीतंटे’. आप्पासाहेब हसले. “मास्तर, लई झणझणीत विषय काढलात.” त्यांची शेळगावला मोठी उसाची बागाईत आहे आणि धाकटे बंधू सोपानराव ती पाहतात. म्हणजे विषयाशी त्यांचा घरचाच संबंध. असा स्वागताध्यक्ष मिळायला नशीब लागतं.

म्हाळसाला सांगितलं. भाकरी थापता थापता ती म्हणाली, “भांडणं ऐकाया पुण्याची माणसं कशापायी येत्यात? हितं चौकात हुबं राह्यलं तरी दिसत्यात.” संशोधन म्हणजे काय, हे बायकोला समजावणं अवघड आहे.

१७ ऑक्टोबर

वरकुट्याला जाऊन आलो. उन्हात डोकं दुखलं, पण दिवस सोन्याचा गेला. कालव्यातून फाटा निघतो, फाट्यातून चारी, चारीवर दारं. ज्याची पाळी असेल त्याचं दार उघडायचं. कागदावर किती सोपं! प्रत्यक्षात चारीच्या तोंडाशी असलेला माणूस दार बंद होऊ देत नाही आणि शेपटाकडच्याचं पीक उभं वाळतं. मग माणसं दांडकी घेऊन बांधावर येतात.

एका गृहस्थाने उजवा हात पुढे केला. दोन बोटं मुळातून गेलेली. दार उघडायला वाकला तेव्हा भावकीतल्याने वरून कोयता घातला. “बोटं चारीतनं व्हात गेली, मास्तर. सापडलीच न्हायीत.” तो हे सांगताना हसत होता, म्हणून मीही हसलो. दुसऱ्याचा अर्धा कान नाही. तिसऱ्याच्या बैलाच्या शिरा तोडल्या होत्या.

मी तंट्यांचे दर्जे पाडले आहेत. पहिला शिव्यांचा, दुसरा दांडक्यांचा, तिसरा कोयत्याचा. चौथ्या दर्जाचं, म्हणजे प्रत्यक्ष खुनाचं उदाहरण मात्र अजून हाती लागलेलं नाही. एक तरी हवं, नाहीतर निबंध लंगडा पडेल.

७ नोव्हेंबर

खून मिळाला. आणि किती चांगला! डोळ्यांनी पाहणारं माणूस आहे.

शेळगावला चारीच्या शेपटाला कुशाबाई म्हणून विधवा राहते. तिचा दीर भिमा मला रस्त्यात भेटला. पाण्याच्या तंट्यांविषयी विचारताना त्याने वर-खाली पाहिलं आणि म्हणाला, “वैनीला इचारा. सांगितलं तर सांगंल.”

बाई तिशीच्या आत-बाहेर. दोन लहान लेकरं. आधी काही बोलेना. मी परिषदेचं सांगितलं, मोठमोठी विद्वान माणसं ऐकणार म्हणून सांगितलं. तशी ती जोंधळा पाखडायचं थांबवून बोलू लागली. तिच्या तोंडचं आहे तसं लिहून ठेवतो.

“वैशाखातली गोष्ट. दोन पाळ्या आमाला पाणी आलं न्हवतं. तिसऱ्या पाळीला हे म्हनलं, जातो आन् दार उघडून येतो. मी मागनं भाकरी घिऊन गेले. बघती तर तितं चौघंजण. दोघांनी ह्यांचं पाय धरल्यालं, एकानं हात. चौथा मानंवर गुडघा दिऊन बसल्याला, तोंड पाण्यात दाबून. मी कडवाळाच्या पिकात दडून बसले. वरडाया तोंड उघडलं, पर आवाजच फुटंना. पाय हालायचं थांबलं तरी त्यो उठला न्हाय. मग त्याच पाण्यात हात धुतलं आन् उठला.”

मी लिहीत होतो. ती थांबली आणि तिने विचारलं, “पंचांनी सांगितलं, सावळाराम बुडून मेला. चारीत पाणी गुडघाभर. गुडघाभर पाण्यात माणूस बुडतो व्हय, मास्तर?”

चौथा कोण, म्हणून मी विचारलं. तिने मान हलवली. “नाव घेणार न्हाय. माजं बी नाव लिवू नका. गावाचं बी नको.”

मी शब्द दिला. मग इतक्या दिवसांत कुणालाच का सांगितलं नाही, असं विचारलं. ती म्हणाली, “कुनी इचारलंच न्हाय. तुमी पयले.”

परतताना पाय जमिनीवर नव्हते. पुण्यातल्या कुणाकडे असं साहित्य असेल असं वाटत नाही.

१४ नोव्हेंबर

निबंधाचा कच्चा खर्डा आप्पासाहेबांना वाचून दाखवला. सोपानरावही होते. उंच, धिप्पाड गडी, बोलतात कमी. खुनाचा भाग आला तेव्हा आप्पासाहेबांनी अडकित्ता खाली ठेवला. एवढ्या बारकाईने माझं लिखाण आजवर कुणीच ऐकलं नव्हतं.

“कोण म्हनायची ही बाई?” त्यांनी विचारलं.

“नाव न सांगण्याचा शब्द दिला आहे.”

“बरोबर हाय. पर मास्तर, हे शास्त्र म्हनताय ना तुमी? उद्या प्राध्यापक इचारतील, बाई खरी कशावरनं? कुणाचं ऐकून सांगत असंल. बायका काय, तोंडाला यील ते बोलत्यात.”

हे मला लागलं. माझं साहित्य ऐकीव आहे असं कुणी म्हणावं? मी जरा जोरातच म्हणालो, “ऐकीव नाही, आप्पासाहेब. तिने कडवाळात बसून डोळ्यांनी पाहिलं आहे. आपल्याच नवऱ्याला मारताना पाहिलं आहे. आणि चारीच्या शेपटाला घर आहे म्हटल्यावर तिला तिथलं माणूस न् माणूस ठाऊक असणार.”

“मग बराबर हाय,” आप्पासाहेब म्हणाले. सोपानराव उठून पाणी प्यायला आत गेले. आप्पासाहेबांनी मला आग्रहाने जेवायला ठेवून घेतलं. पुरणपोळी होती.

२१ नोव्हेंबर

शेळगावला पुन्हा मोठा तंटा झाल्याची बातमी बाजारात ऐकली. कुणाच्या तरी गंजी जाळल्या, घर पाडलं, एकाचा पाय मोडला. चालू तंटा प्रत्यक्ष पाहण्याची संधी क्वचितच मिळते. उद्या शाळेतून रजा काढून जातो.

२२ नोव्हेंबर

घर कुशाबाईंचं होतं.

कडब्याची गंज काळी राख होऊन पसरली होती. छप्पर अर्धं जळालेलं. गाय दावणीलाच होरपळून मेली होती. तिच्या पोटावर माश्या बसल्या होत्या आणि ती अजून कुणी ओढून नेली नव्हती. भिमा बाजेवर पडला होता. डाव्या गुडघ्याखालचा पाय भलतीकडे वळलेला, त्यावर बांबूच्या कामट्या बांधलेल्या. त्याला दोघांनी धरलं होतं आणि तिसऱ्याने दगडी पाट्याने पाय ठेचला होता.

कुशाबाईंचा उजवा हात झोळीत होता. ओठ फाटलेला. कपाळावरचे केस मुठीने उपटलेले दिसत होते. पोरं शेजारी ठेवली होती.

मी अंगणात उभा राहिलो. तीच बोलली. “कुनाला सांगितलं, मास्तर?”

“कुणालाही नाही. नाव तर मी तोंडातूनही काढलं नाही.”

“आठवा.”

“फक्त आप्पासाहेबांना वाचून दाखवलं. पण नाव नाही घेतलं. आणि ते तर आपलेच—”

ती हसली. फाटलेल्या ओठातून रक्त आलं ते पदराने पुसलं. “त्यांचाच भाऊ की त्यो चौथा. सोपानराव. आता नाव घ्याया काय हाय? मारताना सोताच म्हनला, कडवाळात बसली हुतीस व्हय गं? म्हनलं, हे ह्याला कुनी सांगितलं? मी तर एकट्या तुमालाच सांगितलं हुतं.”

भिमा बाजेवरून म्हणाला, “वैनी, जाऊ दे. मास्तरला काय ठाव न्हवतं.”

“तेच तर म्हनती मी,” ती म्हणाली. “ठाव न्हवतं.”

२३ नोव्हेंबर

सारखी पुरणपोळी आठवते. ‘चारीच्या शेपटाला घर.’ ‘आपल्याच नवऱ्याला.’ यापेक्षा नाव सांगितलं असतं तर कमी शब्द लागले असते.

म्हाळसाला सगळं सांगितलं. तिने चुलीतला जाळ मागे ओढला. मग म्हणाली, “गाय कुनाची, तिची का?” होय म्हणालो. “दुभती हुती का?” मला माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

२ डिसेंबर

आज आप्पासाहेबांकडे गेलो. घरून निघताना अंगात आवेश होता, ओसरीवर पोचेपर्यंत निम्मा उरला. तरी बोललो. शेळगावला जे झालं ते कुणी केलं, हे मला ठाऊक आहे, असं म्हणालो.

आप्पासाहेब शांतपणे ऐकत होते. “मास्तर, तुमी आमच्या घरचं समजून सांगतो. परिषद हुंद्या झोकात. निबंध वाचा. चांगला हाय. तेवढं एक बाईचं गाळा. बाकी बोटं, कान, बैल, काय ते ऱ्हाऊ द्या.”

“आणि नाही गाळलं तर?”

“स्कूल बोर्डात आपलीच माणसं हायेत. कुनाची बदली करायची न्हाय, पर करावी लागती कवा कवा.” ते थांबले. “सोपानचं डोकं लई गरम. मी हाय म्हनून तो आवरतो. मी कुठंकुठं पुरा पडणार?”

चहा आला. मी तो प्यायलो. नको म्हणायचं धाडस झालं नाही.

९ डिसेंबर

पाच दिवसांनी बोटांत टाक धरता येतो आहे.

शनिवारी दिवे लागायच्या सुमारास कन्हेरीहून आईला भेटून परतत होतो. कालव्याच्या बांधावर तिघे आडवे आले. तोंडाला फडकी. काही बोलले नाहीत. पहिला दांडका पोटऱ्यांवर बसला आणि मी खाली आलो. मग बरगड्यांत लाथा. मी ओरडलो असेन. मग दोघांनी मला फरपटत शेजारच्या चारीत नेलं आणि एकाने मानेवर गुडघा दिला.

पाणी थंड होतं आणि गुडघाभर होतं. तळाचा गाळ नाकात शिरला. मी तोंड मिटून धरलं, पण छातीच आतून तोंड उघडायला लावते, ते आपल्या हातात नसतं. गाळ आणि पाणी घशात गेलं. पाय माझे मी झाडत नव्हतो, ते आपोआप झाडले जात होते. कानात मोठा गडगडाट झाला, मग तोही लांब गेला. मग त्यांनी मला केसांना धरून बाहेर काढलं. एक जण म्हणाला, “एवढंच.” आणि निघून गेले.

बांधावर पडून मी ओकत होतो. त्यांना मला मारायचं नव्हतं, दाखवायचं होतं. गुडघाभर पाण्यात माणूस बुडतो का, हे मला चांगलं कळलं.

१२ डिसेंबर

शेळगावला निरोप पाठवला की निबंधात सगळं वाचणार आहे. कुशाबाईंचं उत्तर आलं : ऐकाया येती.

आवेशात निरोप पाठवला खरा. संध्याकाळी दार वाऱ्याने वाजलं तर मी कोपऱ्यात जाऊन उभा राहिलो.

२६ डिसेंबर

परिषदेचा पहिला दिवस. शाळेच्या पटांगणात मांडव, निळ्या कनाती, व्यासपीठावर पुरुषभर उंचीची पितळी समई. दौंडच्या छोट्या गाडीने पाहुणे काल आले. आप्पासाहेबांचं स्वागताचं भाषण झालं, ‘खेडं हा देशाचा आत्मा’ वगैरे. टाळ्या पडल्या.

दुपारच्या निबंधांत एक ‘ग्रामीण कलहांचे सामाजिक कार्य’ यावर होता. भांडणामुळे गावातली नाती उलट घट्ट होतात, असं वाचणाऱ्याचं म्हणणं. श्रोते टिपणं घेत होते. माझ्या बरगड्या श्वासागणिक दुखत होत्या.

अध्यक्ष म्हणजे पुण्याचे वृद्ध प्राध्यापक. सज्जन माणूस आहे. त्यांनी मला बाजूला घेतलं. निबंध वाचला होता. “तुमचं काम मोलाचं आहे, मास्तर. पण तो खुनाचा परिच्छेद काढा. आपण समाज अभ्यासतो, गुन्हेगार शोधत नाही. उद्या कुणी फिर्याद केली तर परिषदच बंद पडेल.”

“पण तो खरा आहे.”

“म्हणूनच काढा,” ते म्हणाले.

मी हो म्हणालो. एवढ्या चटकन म्हणालो की मलाच आश्चर्य वाटलं. आप्पासाहेब सांगत होते तेव्हा लाज वाटत होती. प्राध्यापकांनी सांगितल्यावर तीच गोष्ट शास्त्रीय वाटू लागली.

२८ डिसेंबर

काल काय झालं ते लिहितो.

माझा निबंध सकाळी दुसरा होता. वाचायला उभा राहिलो तेव्हा बायकांच्या बाजूला कुशाबाई दिसल्या, हात झोळीत. मागे काठीवर भिमा. पहिल्या रांगेत सोपानराव मांडी घालून बसले होते आणि कडेने त्यांची पाच-सहा माणसं. मी वाचत गेलो. शिव्या, दांडकी, कोयते. मग पान आलं. मी ते उलटलं आणि पुढच्या पानावरचं समारोपाचं वाक्य वाचू लागलो.

“मास्तर,” कुशाबाई उभ्या राहिल्या होत्या. आवाज मोठा नव्हता. “माजं ऱ्हायलं.”

अध्यक्षांनी घंटा वाजवली. त्या पुढे आल्या, व्यासपीठाच्या पायरीपाशी उभ्या राहिल्या आणि श्रोत्यांकडे तोंड करून बोलू लागल्या. वैशाख, पाळी, चौघे, कडवाळ. मला सांगितलं होतं तसंच, पण या वेळी नावं घेत. “आन् मानंवर गुडघा दिऊन बसल्याला त्यो ह्यो,” असं म्हणून त्यांनी डाव्या हाताने सोपानरावांकडे बोट केलं.

आप्पासाहेब ओरडले, “काढा हिला भाईर!” त्यानंतर कुणाचं काही कळलं नाही. सोपानरावांची माणसं उठली. शेळगावचे काही लोक मागे होते, तेही उठले. मांडवाचे बांबू उपसले गेले. एका माणसाचा जबडा माझ्यासमोर फुटला, दात आणि रक्त टेबलावरच्या कागदांवर सांडलं. पाहुणे खुर्च्या पाडत कनातीखालून पळाले. अध्यक्ष दोन्ही हात वर करून “सज्जनहो, सज्जनहो” म्हणत होते, तेवढ्यात मधला खांब गेला आणि छताचं कापड आमच्यावर कोसळलं.

कापडाखाली निळा अंधार होता. सोपानरावांनी कुशाबाईंना व्यासपीठावर पाडलं होतं आणि ते त्यांच्या छातीवर बसून गळा दाबत होते. मोडका हात त्यांच्या गुडघ्याखाली होता. भिमा सरपटत येत होता, पण पाय त्याला पुढे येऊ देईना. कुशाबाईंच्या टाचा फळ्यांवर वाजत होत्या. वाजता वाजता त्या हळू झाल्या.

समई पडून तिचे तुकडे सुटले होते. वरचा दांडा माझ्या हाताला लागला. मी तो दोन्ही हातांनी उचलला आणि सोपानरावांच्या कानामागे घातला. ओला नारळ फुटावा तसा आवाज झाला. ते वळून माझ्याकडे पाहू लागले. चेहऱ्यावर राग नव्हता, नवल होतं. मी पुन्हा मारला. मग आणखी एकदा.

तिसऱ्या घावाची गरज नव्हती. ते दुसऱ्यातच आडवे झाले होते. तिसरा मी मारला कारण मला बरं वाटत होतं. हे इथे लिहितो आहे, दुसरीकडे कुठे लिहिणार?

कुणीतरी माझ्या हातातून दांडा काढून घेतला. लोकांनी कापड उचललं तेव्हा मी कुशाबाईंना पाणी पाजत होतो आणि दांडा भिमाच्या हातात होता.

३० डिसेंबर

सोपानराव आज सकाळी गेले. शुद्धीवर आलेच नाहीत. भिमाला कालच नेलं. त्याने सांगून टाकलं की आपणच मारलं.

पाहुणे परवाच्याच गाडीने गेले. वर्तमानपत्रात आलं आहे की काही गैरसमजामुळे परिषदेचं कामकाज आटोपतं घ्यावं लागलं. माझं नाव जखमींत आहे. लोक विचारपूस करायला येतात. मी त्यांच्याशी बोलतो, पानसुपारी देतो.

२ जानेवारी १९३८

कुशाबाई आल्या. गळ्यावर बोटांचे काळे वळ आहेत आणि आवाज घोगरा झाला आहे. बसल्या नाहीत, दारातच उभ्या राहून बोलल्या.

“भिमाची भेट झाली. म्हनला, मास्तरला सांग, गप ऱ्हा. माजा पाय गेलाच हाय, मला न्हाई बायकू न्हाई पोर. मास्तर सुटा असला तर कोर्टात सावळारामदादाचं बोलंल. शिकल्याल्या मानसाचं ऐकत्यात. आत गेला तर खुनी म्हनत्याल, मग कोन ऐकतंय?”

“आणि तुम्हाला काय वाटतं?”

“मला काय वाटायचंय? एक मेला, एक चाललाय. तुमी काय ते ठरवा. पर या बारीला ठाव असून ठरवा.”

त्या गेल्यावर मी विचार केला. भिमाच्या म्हणण्यात तथ्य आहे. माझी साक्ष निष्कलंक राहिली तर सावळारामाच्या खुनाची चौकशी होऊ शकेल. आवेगात कबुली देणं म्हणजे त्या कुटुंबाचा एकमेव शिकलेला आधार घालवणं. शांतपणे पाहता गप्प राहणं हेच अधिक जबाबदारीचं ठरतं.

वरचं पुन्हा वाचलं. परिषदेतल्या निबंधासारखं वाटतं.

४ जानेवारी

म्हाळसाने माझा सदरा धुतला. माझ्या दातातल्या रक्ताचा म्हणून मी सांगितलेला बाहीवरचा डाग निघेना तेव्हा तो माझ्यापुढे आणून ठेवला. “ह्यो तुमच्या दाताच्या रक्ताचा न्हाय. तुमाला दातावर लागलंच न्हवतं.”

मी तिला खरं सांगितलं. तिसऱ्या घावाचंही. मग भिमाचं म्हणणं सांगितलं, साक्षीचं सांगितलं. ती ऐकत होती, पण तिचं लक्ष सदऱ्याकडे होतं.

“भिमाला कोर्टात इचारतील, का मारलं?” ती म्हणाली. “त्यो काय म्हनंल? त्याला बोलू बी देणार न्हाईत. भांडणात मारलं म्हनून लिवत्याल आन् मिटलं. सावळारामाचं कोन काढतंय मग?”

“मी साक्षीत काढेन.”

“तुमाला साक्षीला बोलावणारच कोन? आप्पासाब?” तिने सदरा घडी घातला, डागासकट. “मारणारा तुमी असला तर गोष्ट येगळी. एवढा शिकल्याला मास्तर, कधी कुनाला चापट मारली न्हाय, त्यानं माणूस का मारला? हे तर त्यांना इचारावंच लागंल. आन् इचारलं की तुमाला सगळं सांगता यील.”

एवढा सरळ विचार माझ्या डोक्यात आला नव्हता. कदाचित आला असेल आणि मी दार लावून घेतलं असेल.

“फाशी झाली तर?” मी म्हणालो.

ती उठली. चुलीपाशी गेली, भाकरीचं पीठ मळायला घेतलं आणि परातीवर वाकून रडू लागली. मी जवळ जाऊन बसलो. ती म्हणाली, “मी सांगितलं म्हनून जाऊ नका. नंतर मला जगता याचं न्हाय.”

“तू सांगितलंस म्हणून नाही.”

“मग जेवून जावा.”

दोघं जेवलो. आता निघतो.

पुणे, २३ जून १९३८

काल सेशन कोर्टात निकाल लागला. सात वर्षं. खून नव्हे, सदोष मनुष्यवध धरला. आज म्हाळसाला भेटू दिलं. परवानगी काढून तिने ही वही आणली होती. संध्याकाळी ती परत जाईल, म्हणून घाईने लिहितो.

भिमा सुटला. काठीशिवाय चालता येत नाही. शेळगावच्या तिघांना, सावळारामाचे हातपाय धरणाऱ्यांना, मार्चमध्ये पकडलं. त्यांतला एक माफीचा साक्षीदार झाला आहे. आप्पासाहेब होते तिथेच आहेत, फक्त आता लोकांशी कमी बोलतात म्हणे. माझी नोकरी गेली. म्हाळसा कन्हेरीला माझ्या भावाच्या मळ्यात राहते. म्हणाली, वांगी चांगली आलीत. परिषदेचा अहवाल छापून आला, त्यात माझा निबंध नाही.

तिसऱ्या घावाचं न्यायाधीशांना सांगितलं. वकील चिडले, त्यामुळे दोन वर्षं वाढली असं म्हणाले. वाढली असतील. तो घाव अजून हातात जाणवतो आणि बरं वाटलं होतं तेही आठवतं. त्याचं काय करायचं, ते मला समजलेलं नाही.

एक गोष्ट लिहायची राहिली आहे. जानेवारीत बारामतीला मॅजिस्ट्रेटसाहेबांपुढे मला उभं केलं तो दिवस. कबुली स्वखुशीने देतो आहेस ना, हे त्यांनी दोनदा विचारलं. कारकुनाने टाक बुडवला. बाकांवर गर्दी होती. पुढे आप्पासाहेब, अगदी मागे भिंतीला टेकून कुशाबाई.

“सोपानरावांना तुम्ही मारलंत?”

“होय.”

“का मारलंत?”

“सांगायला वेळ लागेल, साहेब.”

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि खुर्ची मागे सरकवून टेकून बसले. “सांगा.”

मी म्हणालो, “शेळगावच्या चारीच्या शेपटाला सावळाराम नावाचा एक शेतकरी राहत होता.”

कारकून लिहू लागला. आप्पासाहेब उठून बाहेर गेले. मागे कुशाबाईंनी डोक्यावरचा पदर सावरला आणि त्या खाली बसल्या.